गड एक, वाटा तीन

आमचे गाव कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. मी शाळेतून निवृत्त झालो आहे. आता रात्री मोठ्या माणसांचा वर्ग घेतो. वर्गाला अकरा जण येतात. कोणी भाजी विकतो. कोणी वीटभट्टीवर आहे. कोणी डोंबिवलीच्या कारखान्यात कामाला जातो. दोन मावश्याही येतात.

एका रात्री वर्ग सुटायच्या वेळी तात्या म्हणाले, "गुरुजी, यंदा महाशिवरात्रीला हरिश्चंद्रगडावर जाऊ. सगळे मिळून जाऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण लगेच वाद सुरू झाला. जायचे कोणत्या वाटेने?

वीटभट्टीवरचा तरुण म्हणाला, "बेलपाड्यावरून जाऊ. बेलपाडा आपल्याच मुरबाड तालुक्यात. तिथून नळीची वाट सरळ वर जाते. जवळ पडते. गाडीभाडंही वाचेल."

तात्या म्हणाले, "नको. खिरेश्वरावरून जाऊ. एस.टी. माळशेज घाट चढून खुबी फाट्याला सोडते. माझा भाऊ गेलाय त्या वाटेनं."

मोठ्या मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाट कुठली का असेना. मला देव बघायचाय. गुडघे दुखतात, पण मी येणार."

मी पुन्हा फळ्याकडे वळलो. फळ्यावर एक मोठा डोंगर काढला. त्याला तीन बाजूंनी तीन रेघा ओढल्या. म्हटले, "बसा मंडळी. आजचा धडा हाच."

गड कुठे आहे?

ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे हा गड आहे. अहिल्यानगर म्हणजे आपण २०२४ सालापर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत होतो तो जिल्हा. गड त्या जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतो.

गडाची उंची समुद्रापासून १,४२४ मीटर आहे. एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडा जास्त. म्हणजे गड झाला सुमारे ४,६७० फूट. महाराष्ट्रात सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे. ते १,६४६ मीटर. तेही अकोले तालुक्यातच, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीवर आहे.

गडावर हरिश्चंद्रेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. देवळापुढे पाण्याची पुष्करणी आहे. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. गुहेत मोठे शिवलिंग आहे आणि त्याच्या भोवती छातीभर गार पाणी आहे. गुहेला चार खांब होते. आज त्यांतला एकच धड उभा आहे. चांगदेवांनी या गडावर तप केले, असे सांगतात.

गडाच्या पश्चिमेला कोकणकडा आहे. हा कडा नागाच्या फण्यासारखा वाकलेला आहे. वरून पाहिले तर खाली कोकण दिसते, म्हणजे आपलाच ठाणे जिल्हा. पावसाळ्याच्या दिवसांत कधी कधी इथून खालच्या ढगात पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात.

पहिली वाट : नळीची

ही वाट बेलपाड्याहून निघते. बेलपाडा कोकणकड्याच्या पायथ्याशी आहे. कल्याणच्या माणसाला हीच बाजू सर्वांत जवळ पडते.

नळी म्हणजे काय? कड्याला वरपासून खालपर्यंत पडलेली अरुंद घळ. पावसाळ्यात तिच्यातून पाणी कोसळते. उन्हाळ्यात पाणी आटते आणि मोठमोठे धोंडे उघडे पडतात. त्या धोंड्यांवरून चढत जायचे. मध्ये मध्ये सरळ उभे खडक लागतात. तिथे दोर लागतो. दोर बांधणारा जाणता माणूस लागतो. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला, तर तो खालच्याच्या डोक्यावर येतो. चढ हजार मीटरहून जास्त आहे. चांगल्या चालणाऱ्यांचाही सारा दिवस जातो. पावसाळ्यात तर या वाटेचे नावच काढू नये.

ही वाट जाणत्यांची आहे. पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्याची नाही.

दुसरी वाट : खिरेश्वरची

खिरेश्वर गाव पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात आहे. माळशेज घाट चढून गेले की खुबी फाटा येतो. तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने खिरेश्वरला जायचे. गावाजवळ नागेश्वराचे जुने देऊळ आहे.

गावातून वाट तोलार खिंडीत चढते. खिंडीत दगडावर कोरलेला वाघ आहे. खिंडीच्या वर उभा खडक लागतो. तिथे आधाराला लोखंडी कठडे लावले आहेत. खडक चढून गेले की पठार लागते. माणसाला वाटते, आता गड आलाच. पण तसे नाही. पुढे एकामागून एक टेकाडे आहेत. एक चढा, उतरा, की दुसरे हजर. वाटा फुटतात. उन्हात सावली थोडी. धुके पडले तर कोणती वाट खरी हे कळत नाही.

चढायला चार ते पाच तास लागतात. वाट फार अवघड नाही. पण लांब आहे आणि चकवणारी आहे.

तिसरी वाट : पाचनईची

पाचनई गाव अकोले तालुक्यात आहे. कल्याणहून तिथे जायचे तर मोठा वळसा पडतो. कसारा घाट चढायचा. मग इगतपुरी, घोटी, राजूर करत पाचनईला पोहोचायचे. भाडे जास्त पडते.

पण पायाला ही वाट सर्वांत सोपी. सुरुवातीला थोडा खडा चढ आहे. मग वाट एका मोठ्या कड्याच्या पोटाखालून जाते. तिथे सावली मिळते. पुढे ओढा ओलांडायचा आणि झाडीतून चालत राहायचे. वाट थेट देवळापाशी निघते. अडीच ते तीन तासांत माणूस वर पोहोचतो. येणारे-जाणारे बरेच असतात, म्हणून चुकण्याचे भय कमी.

मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या.

बेलपाडा – जवळ – फार अवघड.
खिरेश्वर – मध्यम – लांब चाल, चकवा.
पाचनई – दूर – सोपी.

मावशींनी एकेक अक्षर जोडत ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गाडीला जवळ ती पायाला अवघड. उलटंच की सगळं!"

उलटे दिसते, पण त्याला कारण आहे. आपला सह्याद्री फार जुन्या काळी तप्त लाव्ह्याच्या थरांनी बनला. पश्चिमेकडे तो एकदम तुटला आहे. म्हणून कोकणातून पाहिला की भिंतीसारखा दिसतो. देशाच्या बाजूला तो हळूहळू उतरत जातो. बेलपाडा भिंतीच्या तळाशी आहे. पाचनई घाटमाथ्यावर आहे. म्हणजे पाचनईला जाताना बरीचशी उंची गाडीच चढून देते. राहिलेलीच आपण चढायची.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. डोंगराची उंची वेगळी आणि आपला चढ वेगळा. माथेरानचे उदाहरण घ्या. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर. हरिश्चंद्रगडापेक्षा किती तरी ठेंगणे. पण नेरळ स्टेशन अगदी खालच्या पातळीवर आहे. म्हणून नेरळहून पायी जाणाऱ्याला ७०० मीटरहून जास्त चढावे लागते. तेव्हा "डोंगर किती उंच?" एवढेच विचारू नका. "पाय टेकतो तिथून माथा किती वर?" असे विचारा.

माझी चूक

तरुणाला हे पटेना. तो म्हणाला, "गुरुजी, एवढं काय घाबरायचं? शनिवारी रात्री कल्याण स्टेशनात बघा. पाठीला पिशव्या लावून पोरं-पोरी कसाऱ्याची गाडी पकडतात. शहरातली पोरं जातात, मग आपण का नाही?"

तेव्हा मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. ती मी फारशी कोणाला सांगत नाही.

तीस वर्षांहून अधिक काळ झाला. मी तेव्हा तरुण शिक्षक होतो. भाद्रपदाचा महिना होता. पाऊस ओसरला होता. आम्ही चौघे शिक्षक गडावर निघालो. मी एकदा उन्हाळ्यात खिरेश्वरच्या वाटेने गेलो होतो. म्हणून मी पुढारी झालो. घरी सांगितले, "हरिश्चंद्रगडावर जातो. रात्री परत येतो." कोणत्या वाटेने, ते सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

खिरेश्वरलाच अकरा वाजले. तोलार खिंडीत पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन. पठारावर आलो आणि धुके पडले. दहा पावलांपलीकडचे दिसेना. आमच्यातले एक शिक्षक म्हणाले, "गुरुजी, मागे फिरू. खिंड अजून जवळ आहे."

मी म्हणालो, "आता आलोच आहोत. आणखी अर्धा तास."

त्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले. वाट हरवली. अंधारू लागले. शेवाळलेल्या खडकावरून त्याच शिक्षकांचा पाय सटकला. घोटा मोडला. रात्रभर आम्ही एका खडकाच्या आडोशाला बसून राहिलो. वरून पाऊस. जवळ चार भाकऱ्या होत्या, पण कोणाला घास गिळवेना. ते कण्हत होते. मी त्यांचा पाय मांडीवर धरून बसलो होतो.

सकाळी धुके निवळले. आमच्यातले दोघे खिंडीतून खाली गेले. खिरेश्वरची माणसे आली. त्यांनी घोंगडी बांबूला बांधून झोळी केली आणि आमच्या सोबत्याला खाली आणले. पण त्या दिवशी गावात गाडी मिळेना.

गाडी कुठे होती माहीत आहे? त्यांचा भाऊ जीप घेऊन सकाळीच शोधायला निघाला होता. कोणीतरी त्याला सांगितले की लोक गडावर पाचनईहून जातात. तो पाचनईला गेला. दिवसभर त्या बाजूला आम्हाला हाका मारत फिरला. एकाच डोंगराच्या एका बाजूला जखमी माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याच्यासाठी आणलेली गाडी!

दवाखान्यात पोहोचायला दुसरी रात्र उजाडली. पाय पुढे सरळ बसला नाही. ते शिक्षक आजही काठी घेऊन चालतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण चूक माझी होती. उशिरा निघालो, ही एक. मागे फिरलो नाही, ही दुसरी. वाटेचे नाव घरी सांगितले नाही, ही तिसरी.

वर्गात कोणी बोलेना. मग तो तरुणच हळू आवाजात म्हणाला, "मग वाट ठरवायची कशी, गुरुजी?"

पाच प्रश्न

मी म्हटले, निघण्याआधी पाच प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : आपल्यात सर्वांत कच्चा कोण? वाट त्याच्यासाठी निवडायची. बैलगाडी जशी मंद बैलाच्या चालीने चालते, तसा मेळा कच्च्या माणसाच्या चालीने चालतो. दम लागणारा, गुडघे दुखणारा, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणारा कोणी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरा प्रश्न : चाल किती, चढ किती, वेळ किती? याचा एक जुना हिशेब आहे. स्कॉटलंड देशातल्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने तो १८९२ साली सांगितला. सपाटीच्या ५ किलोमीटरला एक तास धरायचा. शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा, चाल ५ किलोमीटर आहे आणि चढ ६०० मीटर आहे. मग झाले २ तास. पण हा हिशेब सरावलेल्या माणसाचा. नवख्याने त्याची दीडपट करावी. म्हणजे ३ तास. बसण्या-उठण्याचा आणि जेवणाचा वेळ वेगळा. उतरायला वेळ लागत नाही, असे समजू नका. गुडघे दुखतात ते उतरतानाच.

तिसरा प्रश्न : ऋतू कोणता? पावसाळ्यात खडक निसरडा होतो, ओढे फुगतात, धुके पडते. माळशेज घाटात कधी कधी दरडही कोसळते आणि रस्ता बंद होतो. उन्हाळ्यात दुपारचे ऊन अंग भाजते. नवख्याला कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस बरे. पहाटे निघावे. उजेड असताना खाली यावे.

चौथा प्रश्न : पाणी आणि वाटाड्या आहे का? माणशी तीन लिटर पाणी घ्यावे. वाटेतल्या ओढ्यावर भरवसा ठेवू नये. माघानंतर ओढे आटतात. पायथ्याच्या गावातला माणूस वाट दाखवायला घ्यावा. त्याला त्याचा मोबदला द्यावा. त्याला जे ठाऊक असते ते आपल्या मोबाईलला ठाऊक नसते. गडावर पुष्कळ ठिकाणी मोबाईल लागतही नाही.

पाचवा प्रश्न : मागे कुठून आणि कधी फिरायचे? हे घरूनच ठरवून निघावे. वर गेल्यावर मन ऐकत नाही. माझे ऐकले नव्हते.

पाचही प्रश्न फळ्यावर लिहिले. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतले. मग मी विचारले, "बोला, कोणती वाट?"

तरुण म्हणाला, "पाचनई. पण भाडं फार पडेल."

मावशी म्हणाल्या, "भाडं आपण वाटून घेऊ. मोडलेला पाय कोण वाटून घेणार?"

वाट ठरली.

चिठ्ठी

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही वर्गात एक चिठ्ठी लिहिली. ती अशी होती.

"आम्ही नऊ जण हरिश्चंद्रगडावर जात आहोत. वाट : पाचनई. त्याच वाटेने परत येऊ. आज रात्री पाचनईला मुक्काम. उद्या सकाळी चढू. उद्या संध्याकाळी सहापर्यंत पाचनईला उतरू. रात्री नऊपर्यंत आमचा फोन आला नाही, तर पाचनईला विचारावे."

खाली प्रत्येकाने आपापले नाव लिहिले. सहा महिन्यांपूर्वी यांतले पाच जण अंगठा उठवत होते. मावशींनी नाव लिहायला बराच वेळ घेतला. एक वेलांटी चुकली. ती खोडून त्यांनी पुन्हा लिहिली.

चिठ्ठीच्या दोन प्रती केल्या. एक तात्यांच्या घरी ठेवली. दुसरी पाचनईला ज्यांच्या घरी उतरलो त्यांना दिली.

गडावर

ठरल्याप्रमाणे पहाटे निघायचे होते. पण यात्रेची गर्दी होती. चहापाणी होता होता आठ वाजले. मी मनात म्हटले, हे बरे झाले नाही. पण मागे फिरण्याची वेळ आम्ही ठरवली होती. अकरा वाजता जो जिथे असेल, तिथे थांबून विचार करायचा.

पहिल्या चढाला तरुण पुढे पळाला आणि धापा टाकत बसला. मावशी संथ चालल्या. त्यांचा मुलगा बरोबर होता. कड्याच्या सावलीत पोहोचलो तेव्हा त्यांचे गुडघे थरथरत होते. त्या खाली बसल्या. पाणी प्यायल्या. गूळ-शेंगदाणे खाल्ले. पुन्हा उठल्या. ओढ्याच्या अलीकडे पुन्हा बसल्या. घड्याळात अकरा वाजले होते. ऊन चढत होते.

तरुण म्हणाला, "मावशी, थोडंच राहिलंय. मी पाठीवर घेतो."

मावशी म्हणाल्या, "नको रे बाबा. तू पडशील, मला पण पाडशील. अकरा वाजले. ठरलं ते ठरलं." त्यांनी गडाकडे तोंड केले आणि हात जोडले. मग मुलाचा खांदा धरून त्या हळूहळू माघारी उतरल्या.

आम्ही सात जण वर गेलो. देवाचे दर्शन घेतले. कोकणकड्यावर पालथे पडून खाली पाहिले. कड्याच्या टोकाला उभे राहू नये. वारा अचानक लोटतो. तरुणाने खालच्या बाजूला नळी पाहिली आणि तो बराच वेळ गप्प बसला.

गडाचा परिसर अभयारण्यात येतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झाले. तिथे वनखात्याचे नियम पाळावे लागतात. प्लास्टिक टाकू नये. आग्या मोहोळाजवळ धूर करू नये, आरडाओरड करू नये. आम्ही आमचा कचरा पिशवीत भरून खाली आणला. साडेपाचला पाचनईला पोहोचलो. मावशी ओट्यावर बसून आमची वाट बघत होत्या. घरच्या बाईंना त्या चिठ्ठीतली नावे वाचून दाखवत होत्या.

मागे फिरणे म्हणजे हार नव्हे

परतीच्या गाडीत मी त्यांना तेनसिंगची गोष्ट सांगितली. एव्हरेस्ट हे जगातले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची ८,८४८ मीटरच्या वर आहे. तिबेटच्या बाजूने त्यावर चढायला इंग्रजांनी १९२१ सालापासून किती तरी खेपा केल्या. यश आले नाही. पुढे नेपाळच्या बाजूची, दक्षिणेची वाट शोधली गेली. १९५२ सालच्या मे महिन्यात तेनसिंग नोर्गे आणि स्वित्झर्लंडचे रेमंड लँबेर त्या वाटेने सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोहोचले. शिखर समोर होते. पण अंगातली शक्ती आणि दिवसाचा वेळ संपत आला होता. ते मागे फिरले. म्हणून तेनसिंग जिवंत राहिले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली २९ मे रोजी, एडमंड हिलरींसह त्यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले.

मावशी म्हणाल्या, "तेनसिंग पुढच्या वर्षी गेला ना? मग मीपण जाईन."

आणि त्या खरेच गेल्या. वर्षभर रोज सकाळी गावच्या टेकडीवर चालल्या. डॉक्टरांना गुडघे दाखवले. पुढच्या माघात आम्ही पहाटे साडेपाचला बॅटरीच्या उजेडात पाचनई सोडली. दर अर्ध्या तासाला बसलो. दहाच्या आत मावशी देवळात होत्या. केदारेश्वराच्या गार पाण्यात त्यांनी हात बुडवला आणि तो डोळ्यांना लावला. बोलल्या काही नाहीत.

त्या वर्षीची चिठ्ठी मावशींनीच लिहिली होती. मी ती माझ्या जुन्या सोबत्यांना नेऊन दाखवली, ज्यांचा पाय माझ्यामुळे अधू झाला त्यांना. त्यांनी काठी बाजूला ठेवली. चष्मा लावला. सगळी चिठ्ठी वाचली. मग एका शब्दावर बोट ठेवले. तो शब्द होता 'पाचनई'.

"वाट लिहिलीत," ते म्हणाले. "बरे केलेत."

लक्षात ठेवा

१. जवळची वाट सोपी असतेच असे नाही.
२. वाट सर्वांत कच्च्या माणसाला बघून निवडा.
३. पहाटे निघा. मागे फिरण्याची वेळ आधी ठरवा आणि पाळा.
४. मेळा फोडू नका. कोणी मागे फिरला तर त्याच्याबरोबर एक जण द्या.
५. कोण जाते, कोणत्या वाटेने जाते, कधी येणार, हे लिहून घरी आणि पायथ्याच्या गावी ठेवा.
६. अपघात झाला तर ११२ किंवा १०८ या नंबरावर फोन करा. फोन लागत नसेल तर दोघांना खाली पाठवा. जखमी माणसाला एकटे सोडू नका.

शब्दांचे अर्थ

घळ – डोंगराच्या दोन उभ्या बाजूंमधली अरुंद चीर.
खिंड – दोन डोंगरांमधून पलीकडे जाण्याची जागा.
पठार – डोंगरावरची सपाट जागा.
घाटमाथा – घाट चढून गेल्यावरचा प्रदेश.
पुष्करणी – देवळाजवळचे बांधलेले पाण्याचे तळे.
वाटाड्या – वाट दाखवणारा माणूस.

उत्तरे लिहा

१. हरिश्चंद्रगडावर जाण्याच्या कोणत्या तीन वाटा या धड्यात सांगितल्या आहेत? नवख्याला कोणती बरी, आणि का?
२. जखमी शिक्षकांच्या भावाची गाडी त्यांना का मिळाली नाही?
३. चाल १० किलोमीटर आणि चढ ६०० मीटर असेल, तर सरावलेल्या माणसाला किती तास लागतील? नवख्याला किती?
४. मावशी पहिल्या वर्षी मागे फिरल्या. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?
५. तुमच्या गावाजवळ कोणता डोंगर आहे? त्यावर जायला किती वाटा आहेत? गावातल्या जुन्या माणसांना विचारा आणि पाच ओळी लिहा.
६. तुम्ही जत्रेला किंवा परगावी जाणार आहात असे समजा. घरी ठेवायची चिठ्ठी लिहा. खाली आपले नाव लिहायला विसरू नका.